तुझं ते 'नो'

प्रिय ठकू,

पत्र मुद्दाम घरी न पाठवता तुझ्या दातांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोनवर तू 'मी मजेत' म्हणतेस, पण शेजारी कुणी कान देऊन बसलं असल्यासारखी बोलतेस.

मी इंग्रजी बोलण्याच्या वर्गाला जायला लागले आहे. जावईबापूंना आपली भाषा येत नाही, त्यामुळे तुमच्याकडे महिनाभर राहिले तेव्हा मी त्यांच्याशी नुसती हसतच होते. जबडा दुखायला लागला. तुमचं बोलणं कळायचं नाही. ते हळू, गोड आवाजात काहीतरी विचारायचे आणि तू पटकन 'नो' म्हणायचीस. मी मनातून खूश. म्हटलं, पोरगी बापावर गेली आहे, कुणाचं ऐकायची नाही. नंतर तू गुणगुणणं थांबवायचीस, मैत्रिणीकडे निघताना घातलेली चप्पल काढून ठेवायचीस, ते दिसत होतं. वाटायचं, आपल्याच मनानं करत असेल.

परवा वर्गातल्या बाईंनी शिकवलं. 'कॅन यू' म्हटलं की समोरचा 'शुअर' म्हणतो, नाहीतर 'आज जमणार नाही' म्हणून मोकळा होतो. 'वुड यू माइंड'मध्ये मात्र विचारतात, तुझी काही हरकत? तिथे कबूल व्हायचं तर 'नो' म्हणायचं. वर्ग हसला, मी तुझे सगळे 'नो' आठवत बसले. नळ दुरुस्त करणाऱ्याला जावईबापू 'कॅन यू' म्हणाले होते. त्यानं खुशाल उद्यावर ढकललं. तुला मात्र सदानकदा 'वुड यू माइंड'. मी बाईंना विचारलं, आणि हरकत असली तर? त्या म्हणाल्या, "अहो, तोंडावर तसं कोण म्हणतं? उद्धट दिसतं."

असेल, त्यांची रीतच सभ्य असेल. मी संशयी सासू, सुतावरून स्वर्ग गाठत असेन. पण निघायच्या दिवशी मी बॅग भरत होते, तेव्हा पलीकडच्या खोलीत ते तुला काही विचारत होते. त्यात 'मदर' हा शब्द होता. तू म्हणालीस, 'नो, नॉट अ‍ॅट ऑल.' तेव्हापासून रोज येणारा तुझा फोन फक्त रविवारी येतो.

म्हणून गुरुवारी सकाळच्या गाडीनं येते आहे. येऊ का, असं विचारत नाही. दात दाखवायला आल्यासारखी दवाखान्यात येऊन बसेन. तुला माझ्याबरोबर निघायचं असेल तर पर्स उचल आणि चल. नसेल तर चहा पिऊन मी परत जाईन. बोलायची काही गरज नाही.

तुझीच,
आई