कंसातलं मोठ्यानं वाचू नये

तीर्थरूप आबांना,

लेक सिउबान हिचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ओहोटीला कालवं काढायला चिखलात उतरताना दादाला पुढे घालत जा, तो जाड आहे, रुतला तरी दिसेल. शेडमधल्या मांजरीला यंदा किती पिल्लं झाली? मी इथे मजेत आहे, वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. पत्र वाचून दाखवणाऱ्या खिमहोआ वहिनींनाही नमस्कार. (वहिनी, नेहमीप्रमाणे कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे, तो मोठ्यानं वाचू नका. मागच्या पत्रात खोकल्याचं मी कंसात लिहिलं होतं, तरी चौथ्या दिवशी आबांनी खोकल्यावरच्या, मिठात मुरवलेल्या संत्र्यांची बरणी पाठवली. योगायोग असेल. मी कुणावर संशय घेत नाही.)

आबा, दादा म्हणाला की तुम्ही देवळासमोर बसून सगळ्यांना सांगता, लेक दिवे लावायचं काम करते. तसं नाही, पण अगदी चुकीचंही नाही. इथे समुद्राच्या बांधावर पाणी उपसायचं पंपघर आहे, आणि त्याचा कारभार पाहणारी खोली अडीच किलोमीटर आत गावात. पंप चालू आहे की बंद, झडप उघडी की मिटलेली, हे आजवर तांब्याच्या तारेतून खोलीत कळायचं. पण मोठा पंप सुरू झाला की तारेतलं बोलणं भरकटायचं आणि मिटलेली झडप उघडी दिसायची. वीज कडाडली की यंत्रच जळायचं. म्हणून आता आम्ही दोन्ही टोकांना एकेक डबी बसवतो. ही डबी तारेतल्या बोलण्याचा उजेड करते, तो काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून पळतो, आणि पलीकडची डबी त्या उजेडाचं पुन्हा बोलणं करते. उजेडाला ना पंपाचा गोंगाट ऐकू येत, ना विजेची भीती वाटत.

माझ्या वरचे येन उस्ताद तीस वर्षं याच कामात आहेत. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरी, थडगी झाडायच्या सणाआधी खोलीतल्या पडद्यावर झडप किती उघडी त्याचा आकडा दिसला तर सुट्टी. नाही दिसला तर तुझे पितर आणि माझे पितर, दोघांनाही या वर्षी गवतातच राहू दे." आईच्या थडग्यावरचं गवत मी दोन वर्षं काढलेलं नाही, म्हणून हे फार मनाला लावून घेतलं. धागे जोडताना मी प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवली. डबीला दोन भोकं असतात, एक बोलायचं, एक ऐकायचं. लाल धागा बोलण्याचा, निळा ऐकण्याचा. इकडे जसं, तिकडेही अगदी तस्संच, चुकूनही फरक नको म्हणून मी स्कूटरवरून दोनदा जाऊन ताडून पाहिलं. उस्ताद चिठ्ठ्या पाहून म्हणाले, "अक्षर झकास आहे. लग्नपत्रिका लिहीत जा."

मग वीज सुरू केली. दोन्ही डब्यांवरचा विजेचा दिवा लागला, पण जोडणीचा दिवा दोन्हीकडे काळा. मी धागे पुसले, फुंकले, काढून लावले. तीन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी उस्तादांची नजर डबी बसवलेल्या कपाटावर गेली. आमच्याकडे प्रत्येक यंत्रावर खाऊची हिरवी पुडी ठेवतात, कारण त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. हिरवीच हवी, म्हणजे दिवे हिरवे राहतात. तारीख उलटलेली चालत नाही. आणि कपाटावर होती पिवळी.

"पिवळी?" उस्ताद ओरडले. "यंत्राला कावीळ करतेस का?"

मी सांगितलं की दुकानात हिरवी संपली होती, पिवळी त्याच कारखान्याची आहे आणि तारीखही मी तपासली आहे. (वहिनी, हिरवी आधी ठेवलेली होती. पहिल्या दिवशी जेवायचं राहून गेलं, तेव्हा ती मी खाल्ली. त्यापायी तीन दिवस झोप नाही. आपल्या घराण्यात पहिली शिकलेली मीच, आणि यंत्राचा राखणदार खाणारी पहिलीही मीच.) उस्तादांनी मला नऊ किलोमीटर पिटाळलं. मी तीन हिरव्या पुड्या आणल्या, कपाटासमोर हात जोडून माफीही मागितली. दिवा काळा तो काळाच.

तेवढ्यात दुपारचे बारा वाजले आणि रोजच्यासारखा तुमचा फोन आला. माझ्या दोन्ही हातांत धागे होते, म्हणून फोन कपाटावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. आठवतंय ना काय झालं? तुम्ही म्हणालात, "जेवलीस का?" आणि त्याच क्षणी मी म्हणाले, "आबा, जेवलात का?" आणि तुम्ही फोन ठेवून दिलात. रोज असंच होतं. उस्ताद कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. "हे काय गं? दोघं विचारता, ऐकत कुणीच नाही. असा कुठे फोन असतो?"

मी हातातल्या धाग्यांकडे पाहिलं. दोन्हीकडे अगदी तस्संच! लाल धाग्याच्या दोन्ही टोकांना तोंडं, आणि निळ्याच्या दोन्ही टोकांना कान. तीन दिवस दोन्ही डब्या एकमेकींना जीव तोडून विचारत होत्या, आणि ऐकायच्या धाग्यात मिट्ट काळोख होता. एकाच टोकाला धागे उलटसुलट करायचे होते, बास. मी केले. दिवा हिरवा झाला. खोलीतून फोन आला, झडपेचा आकडा दिसतोय म्हणून. उस्तादांनी हिरव्या पुडीला नमस्कार केला, मला नाही.

सुट्टीचं अजून नक्की नाही, कामं फार आहेत. तुम्ही वाट पाहू नये. (वहिनी, सुट्टी मिळाली आहे, शुक्रवारपासून. पण मागच्या चंद्रसणाला आले तेव्हा मी कालवं फोडायला बसले, तर आबांनी माझ्याखालचं स्टूल काढून घेतलं. म्हणाले, "राहू दे, तुझे हात आता शिकलेले." आणि मला पाहुण्यांच्या नव्या सपाता दिल्या. मी त्या घालून दोन दिवस खुर्चीवर बसून राहिले. परत तसं बसायचं असेल तर मला यायला धीर होत नाही. त्यांनी एकदा 'ये' म्हणावं, एवढंच. तेही मी सुचवलं असं कळू न देता.)

तब्येतीला जपा.

तुमची आज्ञाधारक लेक,
सिउबान

ता. क. : आबा, यापुढे बारा वाजता मी काहीही विचारणार नाही. तुम्ही विचारा, आणि मग फोन ठेवू नका. दहा आकडे मोजा. त्या वेळात मी बोलेन.

ता. क. २ : वहिनी, कंस हे तुमच्या हातात टिकत नाहीत हे मला त्या संत्र्यांच्या बरणीपासून ठाऊक आहे. आताही तुम्ही सगळं घडाघडा वाचलं असणार, आणि म्हणूनच मी ते कंसात लिहिलं. (आबा, माझी कालवं फोडायची सुरी गंजली असेल. घासून ठेवाल का?)