मागच्या चाकाच्या तारा

२ मार्च
(ही आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख. खाली गावात आज कोणती म्हणतात ते तुला ठाऊक.)

खारूच्या आईस,

सप्रेम नमस्कार. मी बरा आहे. तुझी तब्येत कशी आहे? तिथे खाली छापखानावाल्याच्या माडीवर अजून थंडी असेल. घोंगडी दोन्ही वापर, एक जपून ठेवू नकोस. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला उशीर झाला. पाणचक्कीच्या पाटात बर्फ धरला होता, लेथ बंद होता, बर्फ फोडण्यात वेळ गेला, असं लिहिणार होतो. ते खरं आहे. पण उशीर त्यामुळे झाला नाही.

आधी इकडचं सांगतो. शेजारच्या वहिनींचा खोकला थांबला. आपल्या जिन्याचा कठडा मी पक्का केला. कॅन्टीनवाल्याकडे चहा नाही, साखर नाही, तरी तो कसलीतरी पानं उकळून देतो आणि लोक ते पिऊन "आज गोड जरा कमी आहे" म्हणतात. तो म्हणतो, "उद्या वाढवतो." हे रोज चालतं.

तुझं पत्र नेहमीसारखं छापखान्याच्या रद्दीवर होतं. एक गोष्ट मात्र नेहमीसारखी नव्हती. खाली तू "खारूची आई" न लिहिता नुसतं "मी" लिहिलं आहेस. मी कागद उलटून पाहिला. मागे छापखान्याचीच अक्षरं होती.

परवा सातवीच्या पालकांची बैठक झाली. सातवीच्याच वर्गात. तू येत नाहीस तेव्हापासून तुझी खुर्ची कुणी हलवलेली नाही. मुख्याध्यापकबाईंनी उभं राहून निवेदन वाचलं, ते तुला पाठ आहे. की एका पहाटे आपली कॉलनी, कारखाना आणि शाळा जशीच्या तशी चारशे वर्षं मागे, ह्या थंड मुलखात, तटबंदीच्या गावाच्या वरच्या माळावर येऊन पडली. की सातवीचा वर्ग आदल्या दिवशी सहलीला गेला होता आणि बस परतायची होती. की आपली मुलं गेलेली नाहीत, ती अजून जन्मायची आहेत. म्हणून आपण इथलं काहीही बदलायचं नाही. इथला मरायचा माणूस आपल्यामुळे जगला, तर त्याच्या पुढचं सगळं सरकेल, आणि मुलं जन्मणारच नाहीत. मग सगळे "मान्य" म्हणतात. मीही म्हणतो. पाच वर्षं म्हणतो आहे.

ह्या वेळी अकाउंटंटसाहेब मधेच उठले.

"बाई, निवेदन पुरे झालं. आपण आलो त्याच दिवशी सगळं बदललं. आपले संडास कुठे जातात? त्यांच्या नदीत. पाच वर्षं ते लोक आपलं पाणी पितायत, आणि आपण इथे बसून म्हणतो, आम्ही काही बदललं नाही!"

"म्हणून काय आता दवाखाना उघडायचा त्यांच्यासाठी?" बसड्रायव्हरची बायको म्हणाली.

"उघडलाच आहे की. ह्यांच्या सौंनी," साहेब म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ती खाली राहते. मला विचारून करत नाही."

"पण सुया तुमच्याकडेच मागितल्यात ना?" बाईंनी विचारलं.

"सुयांसाठी तार नाही," मी म्हटलं.

"ह्याबद्दल तुमचं कौतुक आहे," बाई म्हणाल्या. शाळा सोडल्यापासून कुणी माझं उभं करून कौतुक केलं नव्हतं. मी खाली बाकाकडे बघत राहिलो. बाकावर करकटकाने कोणीतरी मांजर कोरलं आहे. खारूचं नाही, ती असलं करत नसे. किंवा करत असेल.

निघताना बसड्रायव्हरची बायको माझ्या शेजारून चालत होती. म्हणाली, "भाऊ, खरं सांगू? मला ते चारशे वर्षांचं काही कळत नाही. माझा माणूस बस घेऊन यायचा आहे, त्याला उशीर झालाय, एवढंच. नेहमीच करतो तो उशीर." मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

तुलाही मी तेच कळवलं होतं, तार नाही म्हणून. तू जानेवारीत सगळं सविस्तर लिहिलंस. खाली देवी आल्या आहेत. दूधवालीच्या गाईच्या सडांवर फोड आलेत, त्यातली लस तू आधी स्वतःला टोचून घेतलीस, ती धरली. पण शिवणाच्या सुईवर थेंब टिकत नाही, ओघळतो, कितीतरी जणांना लस धरतच नाही. टोकाला खाच असलेल्या, दोन दातांच्या सुया हव्यात. सोबत चित्रही काढलंस. कारखान्याच्या दवाखान्यात कामाला असताना तू रजिस्टरमध्ये काढायचीस तसंच, बाण दाखवून. इतकं स्पष्ट चित्र आल्यावर कुठल्याही टर्नरला काम समजलं असतं.

तू दुसऱ्यांदा मागितल्या नाहीस. तार नाही म्हटल्यावर विषयच काढला नाहीस. आपल्या बाल्कनीत काय आहे ते तुला माहीत होतं, तरी तू त्याचं नाव घेतलं नाहीस. त्याबद्दल मी तुझा आभारी आहे, आणि त्याबद्दलच मला झोप लागत नाही.

काल सकाळी दूधवाली आली. बरेच दिवस आली नव्हती. त्यावरून कॉलनीत केवढी कुरकुर चालली असेल त्याची तुला कल्पना आहे. जिन्यातच बाईंनी तिला गाठलं. ती आपली भाषा आता बरी बोलते, फक्त लहानमोठं न बघता सगळ्यांना अरे-तुरे करते.

"कुठे होतीस गं इतके दिवस? सांगून जायचं ना!"

"ओरडू नको तू. घरी दोघी आजारी होत्या."

बाई वर निघून गेल्या. 'तू' ऐकून की आजारपण ऐकून, कोण जाणे.

मग ती आपल्याकडे आली. मी पातेलं आणायला आत गेलो, ती दारातून बाल्कनीकडे बघत उभी राहिली.

"ती गाडी कुणाची?"

"मुलीची."

"जन्मायची आहे, ती?" आपली गोष्ट खाली घरोघरी माहीत आहे.

"हो."

"मग जन्मायच्या आधीच गाडी घेऊन ठेवलीस?"

मला हसू आलं. खरंच आलं. तीही हसली. मग तिने दूध मोजलं, वर थोडं घातलं, आणि म्हणाली, "तुझं बरं आहे. तुझी यायची आहे. माझ्या येऊन गेल्या."

मला लगेच समजलं नाही. "दोघी?" मी विचारलं.

"दोघी. थोरली आधी. धाकटीला तुझ्या बायकोने टोचलं होतं. धरलं नाही." माझा चेहरा बघून पुढे म्हणाली, "तिचा काय दोष? सुई शिवायची होती. मागचा डबा दे, चल. अजून दोन जिने राहिलेत."

मी तिचा डबा धुतला. धुतलेलाच होता, पुन्हा धुतला. तार नाही असं मी कळवलं होतं, हे तिला माहीत नाही. सांगावं म्हणून बाहेर आलो, तर ती तोवर पुढच्या दारात कुणाला तरी "भांडं मोठं आण तू" म्हणत होती. मी दार लावलं.

तिच्या मुलींचं तू पत्रात लिहिलं नव्हतंस. मला त्रास होऊ नये म्हणून असेल.

दुपारी सायकल आत घेतली. मागच्या चाकातले मणी आधी काढले. तारांवर अडकवलेले ते प्लॅस्टिकचे रंगीत मणी, चाक फिरलं की टकटक वाजायचे, आणि ती कोपऱ्यावर वळली की आपल्याला आवाजाने कळायचं. तू गॅस पेटवायचीस. ते वाटीत काढून ठेवले आहेत. कुणाच्याही कामाचे नाहीत, म्हणून ठेवता आले.

तारा चांगल्या स्टीलच्या आहेत. कुठेही गंज नाही. दर रविवारी मी त्यांना तेलाचं फडकं मारत होतो, हे तुला माहीत नसेल, तू गेल्यावर सुरू केलं.

चाक घेऊन वर्कशॉपला गेलो. तिथे अकाउंटंटसाहेब पाट बघायला आले होते. त्यांनी चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अहो, ही तर…"

"हो."

तुला आठवत असेल, त्यांचा मुलगा ह्याच सायकलला धडकून दात पाडून घरी गेला होता आणि त्यांच्या सौ. आपल्या दारात येऊन कडाकडा भांडल्या होत्या. खारू पलंगाखाली जाऊन बसली होती. साहेबांनी कोट काढून खिळ्याला अडकवला. म्हणाले, "तुम्ही कापा, मी धरतो." बैठकीत एवढं बोलणारा माणूस, तासभर नुसता तारा धरून बसला. मग एकदम म्हणाले, "दात मात्र पुन्हा आला होता हो त्याला. छान आला होता."

मी काम थांबवलं नाही. पण ते वाक्य मी घरी घेऊन आलो, आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. दात आला होता. साहेब 'येईल' म्हणाले नाहीत.

मला हे नीट मांडता येणार नाही, तरी लिहितो. बाईंच्या निवेदनात मुलं पुढे आहेत, चारशे वर्षं पुढे, आणि आपण रस्त्यात उभं राहून ती वाट राखायची आहे. पाच वर्षं मी ती राखली. पण खारू माझ्या पुढे नाहीच. ती माझ्या मागे आहे. ती जन्मली, मी कॉरिडॉरमध्ये होतो, तुझी आई मला म्हणाली, "आता तरी बसा हो जरा." ती घास गालात धरून बसायची, गिळायची नाही, म्हणून तू तिला खारू म्हणालीस. सायकल शिकवताना मी सीट धरून पळत होतो, मधेच सोडली, ते तिला वळणापर्यंत कळलं नाही. कळल्यावर रागाने दोन दिवस बोलली नाही. हे झालं आहे. खाली गावात कुणी जगलं काय नि मेलं काय, पुढचं काय सरकायचं ते सरकेल. हे कसं सरकणार?

तू जायला निघालीस त्या दिवशी मी म्हणालो होतो, "तू तिला पुसून टाकते आहेस." तू ताटं उचललीस, ओटा पुसलास, आणि बॅग घेतलीस. मला वाटतं, हे सगळं तुला तेव्हाच कळलं होतं. मला कुणीतरी दाताचं सांगेपर्यंत थांबावं लागलं.

अजून एक वाक्य आहे. ते ह्या पत्रात दोन ठिकाणी येणार होतं, मी दुसरंच काही लिहून पुढे गेलो. ती आता येणार नाही.

लिहिलं. कागद ठेवून थोडा वेळ खिडकीशी उभा होतो. पाटाचं पाणी सुरू झालेलं दिसतं इथून.

सुया पाठवतो आहे, दूधवालीच्याच हाती; पुडकं तिला मघाशी दिलं, हे पत्र ती बाकीचे जिने करून परतताना नेईल. पुडक्यात काय आहे ते तिला मी सांगितलं, आणि तार नाही असं जानेवारीत कळवलं होतं तेही सांगितलं. तिने पुडकं कमरेच्या पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड दोनदा बांधलं. मग म्हणाली, "दोरवाल्याच्या गल्लीत अजून पोरं आहेत. पटकन कर तू." आजही दूध मोजून घातलं, पण वर घातलं नाही. ते बरोबरच आहे.

तारेचं टोक ठोकून चपटं केलं, मधे बारीक कानशीने खाच घेतली, दोन्ही दात दगडावर घासले. पहिल्या काही मोडल्या, नंतर हात बसला. पाण्यात बुडवून पाहिल्या. थेंब दातांत अडकून राहतो, सुई आडवी धरली तरी ओघळत नाही. उकळून घे हे तुला सांगायला नको. पण पुडकं सोडताना जपून, दात हाताला लागतात.

पुढचं चाक बाकी आहे. त्याच्याही करतो आणि त्या घेऊन मीच खाली येतो. बाईंना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या बैठकीत उभं राहून भाषण करणं मला जमणार नाही, पण "मान्य" न म्हणणं जमेल.

मी आलो की आधी मला टोच. माझ्या आईच्या डाव्या दंडावर देवी टोचल्याची खूण होती, गोल, आतून चुरगळल्यासारखी. लहानपणी तिच्यावर बोट ठेवल्याशिवाय मी झोपत नसे. आपल्या पिढीच्या दंडावर ती नाही. आपल्या वेळेपर्यंत तो रोगच राहिला नव्हता, कुणीतरी घरोघर हिंडून संपवला होता. म्हणून कॉलनीत आपण सगळे कोरे आहोत, आणि तू कोऱ्या दंडाने एकटी खाली गेलीस. हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचायला हवं होतं. तुझ्या दंडावर आता खूण उठली असेल. मला बघायची आहे.

छापखानावाल्याला माझा नमस्कार सांग. माडीवर दुसऱ्या माणसाला जागा होईल का, तेही विचारून ठेव. नसेल तर जिन्यातही चालेल.

तू पत्राखाली नुसतं "मी" लिहिलंस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पुढे काय लिहायचं ते तू ठरव. मी बराच विचार करून पाहिला, मला दुसरं काही लिहिता येत नाही.

होतो आणि आहे,

खारूचा बाबा