भोंगा झाला की वर जायचं

१९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझ्या बायकोचा खोकला गेला का? आमची छकुली शाळेत गेली आहे. मी बाबांच्या खाटेशी बसून हे लिहितेय. फोनवर बोलता येत नाही, वॉर्डात शेजारच्या खाटेला कान आहेत.

तुझं पत्र पोचलं. एकच प्रश्न विचारलायस : बाबा कसे पडले? सुरुंगाचा दगड लागला असेल तर सोबतच्या कागदावर तसं लिहून सही कर, सोमवारी कोर्टाची समिती डोंगर बघायला येतेय, ठेकेदाराला आत टाकतो. वकिलाचं पत्र, लांबण नाही. ‘ताई, तू कशी आहेस?’ एवढी ओळ लिहायला हात दुखत होता का रे?

बाबा बरे आहेत. म्हणजे शुद्धीवर आहेत, चहा मागतात, नर्सवर खेकसतात. पाय गुडघ्याखालून काढला तेव्हा तू होतासच, डॉक्टरांशी बोललास आणि तारीख आहे म्हणून त्याच संध्याकाळी निघून गेलास. पाय घसरला, असं बाबांनी पोलिसांना स्वतः सांगितलंय. मग मला कशाला विचारतोस?

तू केस जिंकलास त्या दिवशी बाबा गल्लीभर सांगत फिरले होते. ज्या खाणीत जन्मभर भोंगा वाजवला ती पोरानं बंद पाडली, आणि यांची छाती फुगलेली! मीही हसले. मनात म्हटलं, झालं, आता आमची चूल विझली. खोटं कशाला बोलू, वरचा झरा परत वाहायला लागला. धूळ बसली, छकुलीचा दमा कमी झाला. हे तुझं श्रेय, घे. पण पर्यायी रोजगार म्हणून आम्हाला काय मिळालं ते ऐकलंस का? मधमाश्या! आयुष्यभर सुरुंग ठासलेल्या माणसांना जाळीच्या टोप्या घालून रांगेत उभं केलं, फोटो काढले. महिनाभरात माश्या उडून गेल्या. त्यांना तरी जायला जागा होती.

तुझे भाऊजी हमाली शोधत हिंडले. पन्नाशीच्या माणसाला कोण विचारतो? मग एक दिवस छकुलीला नवे बूट घेऊन आले. काम लागलं म्हणाले. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता नीट ऐक. कोर्टानं वरचा डोंगर बंद केला आणि पायथ्याची एक खाण चालू ठेवली. तिथे दुपारी बार उडतो, रीतसर, भोंगा वाजवून. त्याच क्षणी वरच्या बंद डोंगरातही बार उडतो. दोन्ही मिळून आवाज एकच. वरचा दगड खालच्या खाणीच्या पावतीवर बाहेर जातो. चौकीवरच्या पहारेकऱ्यानं काय ऐकलं? परवानगीचा बार. तुझा हुकूम असा पाळला जातो, वकीलसाहेब. डोंगरावर कुणी फिरकायचं नाही, हेही तूच हुकमात लिहून घेतलंस, त्यामुळे बघायलाही कुणी नाही. चोराला आणखी काय हवं?

आणि बाबा वर का गेले? तू सांगितलंस म्हणून, तुझाच हुकूम मोडून. ‘झरा वाहतोय त्याचा फोटो पाठवा बाबा, न्यायाधीशांना दाखवतो.’ इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी म्हटलं, फोटो झऱ्याचा काढायचाय की तुमचा? तर म्हणाले, पोराच्या कोर्टाचं काम आहे, गबाळं जाऊन कसं चालेल.

ते झऱ्यापाशी असताना भोंगा झाला. आपल्याला लहानपणापासून काय शिकवलंय? भोंगा झाला की वर जायचं. दगड उडून खाली येतो, म्हणून वरच्या कपारीत शिरायचं आणि बार होईपर्यंत हलायचं नाही. पाढ्यांच्या आधी आपल्याला हे पाठ होतं. बाबांनी तर गावाला शिकवलं. गुडघे धरले होते, तरी भोंगा ऐकून ते नियमाप्रमाणे वर चढले. आणि त्या दिवशी सुरुंग कपारीच्या पाठीलाच भरलेला होता. दुसऱ्या कुठल्याही गावचा माणूस घाबरून खाली पळाला असता आणि वाचला असता.

कुणी भरला होता, हे तू विचारलं नाहीस. विचारशील म्हणून आठवडाभर मी तुझा फोन उचलला नाही.

तुझ्या भाऊजींनी. वात त्यांच्याच हातची. धूर बसल्यावर बाबांना पाठीवर घेऊन डोंगर उतरले तेही तेच. बाबांना सगळं ठाऊक आहे. पोलीस खाटेपाशी आले तेव्हा त्यांनी जावयाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘म्हातारा माणूस, घसरलो. जावई देवासारखा धावून आला.’ तुझे भाऊजी बाहेर जाऊन भिंतीवर डोकं आपटत होते. मी धरायला गेले नाही. आपटू दे म्हटलं.

काल ठेकेदारानं फळांची टोपली पाठवली. टोपलीबरोबर निरोप : समिती सकाळी येऊन जाईल, दुपारी कामावर या. हे जाणार आहेत! मी म्हटलं, तुम्हाला काही वाटतं का? तर म्हणाले, ‘वाटून काय करू?’

म्हणून सही करतेय. सगळं लिहिलंय, ह्यांच्या नावासकट. कपार दाखवायला मी स्वतः येईन. तुझ्यासाठी करते असं समजू नकोस, झऱ्यासाठी तर मुळीच नाही. सोमवारनंतरही भोंगा होणार, आणि कुणाचं तरी म्हातारं, कुणाचं तरी पोर वर पळणार. छकुलीलाही मी तेच शिकवलंय.

एवढं मात्र लक्षात ठेव. तुमच्या कायद्याला वात पेटवणारा लगेच सापडतो, पेटवायला सांगणारा नेमका घरी नसतो. माझ्या नवऱ्याला नेतील हे मला कळतं, मी मूर्ख नाही. पण त्याच्याबरोबर ठेकेदार गेला नाही, तर हा कागद मी कुणाच्या जिवावर लिहिला ते तू मला येऊन सांगायचंस.

बाबा आत्ता जागे झाले. ‘कुणाला लिहितेस एवढं?’

‘धाकट्याला.’

‘काय लिहिलंस?’

मी म्हटलं, तुमचा पाय घसरला, असं लिहिलं.

‘शहाणी माझी ती,’ म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा डोळे मिटले.

सोमवारी ये. माझ्या घरी उतरू नकोस.

एका सहीत माहेर आणि सासर दोन्ही घालवून बसलेली,
तुझी ताई