बिनतिखट म्हणून दिलेले सॉसेज

ताईला धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर आता एकटा सांभाळतो. इथले एक आजोबा चार दिवस धड जेवले नव्हते. काल त्यांनी बिनतिखट इटालियन सॉसेज मागितले. म्हणजे डुकराच्या खिम्यात बडीशेप आणि लसूण, मिरची अजिबात नाही. त्यांच्या पोटात अल्सर आहे.

खाटकाने दिलेल्या सॉसेजमध्ये मला लाल ठिपके दिसले.

"नुसता रंग आहे," तो माझ्याकडे न बघताच म्हणाला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. आश्रमात येऊन एकाचं साल सोडवलं, चिमूटभर खिमा तव्यावर परतून चाखला, तर ठसकाच लागला. तसाच परत गेलो.

"पुड्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली," खाटीक म्हणाला.

झाली की केली, देव जाणे. समोर उभं राहून बिनमिरचीचे भरून घेतले. आजोबांनी दोन खाल्ले. मी काय चाखलं ते आईला सांगू नकोस.

आई ठणठणीत आहे असं तू लिहितेस. मग दर पत्राखाली दोन ओळी लिहिणारी आई या वेळी गप्प का? डॉक्टर काय म्हणाले ते खरं कळव.

दूर असूनही तुझ्याच धाकातला,
धाकटा