रक्ताचा कागद आणि म्हातारीचा खोकला

१२ जानेवारी, शेलूबाजार
माहेरी येऊन आठ दिवस. विलासचा फोन नाही. नवऱ्याचं नाव लिहू नये म्हणतात. लिहिलं. विलास, विलास.
महिनाभर ताप, खोकला. रिसोडच्या खाजगी डॉक्टरनं रक्त काढायला लावलं, कागदावर आलं टीबी पॉझिटिव्ह. सासूनं दोन दिवस माझं ताट गोठ्याजवळ मांडलं, तिसऱ्या दिवशी जीपमध्ये बसवून दिलं. सासरी, रिठदच्या साऱ्या गल्लीत ओरडली, "रोगट पोरगी देली आमाले!" बाबा न्यायला आले होते. ऐकून खालीच बसले. हे विसरणार नाही.

१५ जाने.
दादा सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. बेडका तपासायला दिला, छातीचा फोटो काढला.

१९ जाने.
बेडका साफ. फोटो साफ. खोकलाही गेला. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहिला. "जंतू कधीतरी अंगात शिरला, एवढंच ही टेस्ट सांगते. आजार आहे का, ते नाही सांगत."
मी विचारलं, शिरला कुठून?
"कुठूनही. लहानपणीही शिरला असेल. सासरी कोणाला जुना खोकला?"
म्हातारी, माझी सासू, दिवाळीपासून खोकते. तंबाखूचा ठसका म्हणते. चोळ्या ढगळ झाल्या तिच्या. सगळं डोळ्यासमोर आलं.
मी म्हटलं, "नाही."
बाहेर येऊन हसू आलं. खोक म्हणावं.

२० जाने.
दादा म्हणे, "हे नवे कागद घेऊन जाऊ, तोंडावर मारू त्याइच्या." मी म्हटलं थांब. कायले ते सांगितलं नाही. मेथीच्या जुड्या बांधताना दिवसभर तेच मनात. तिच्या बेडक्यात रक्त पडेल. गल्लीतल्या बाया पदर नाकाला लावतील. तवा तिले...

२७ जाने.
मंदाताईचा फोन. माझी मोठी जाऊ, म्हातारीला आत्याबाई म्हणते. जीपपर्यंत माझी पिशवी तिनंच आणली होती, बाकी कोणी उंबऱ्याबाहेर आलं नाही.
"रंजू, आत्याबाईचं सारं मीच करून राह्यली. आता मलेबी खोकला लागला. ताप येते. कोणाले सांगू नको वं, मलेबी धाडतीन."
हो म्हटलं. मग वांगी तोडायला गेली. हाताला काटे किती टोचले, घरी आल्यावर दिसलं.

२८ जाने.
एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मी खोटं बोलली. दोघींची नावं दिली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आरोग्यसेविका उद्या रिठदला जाणार, बेडक्याच्या डब्या घेऊन.
म्हातारीसाठी नाही गेली मी. लिहून ठेवते.

४ फेब्रु.
म्हातारीचा बेडका पॉझिटिव्ह. आई म्हणाली, बिचारी. मी एक भाकर जास्त खाल्ली.
मंदाताईचा रिपोर्ट यायचा आहे.

५ फेब्रु.
विलास आला. ओट्यावर बसला. मी सांबाराची जुडी निवडत होती, उठली नाही.
"चाल घरी. सहा महिने गोळ्या हायेत मायले. वहिनीबी पडून हाय. पाह्यणारं कोणी नाही."
म्हणजे यासाठी!
मी म्हटलं, "ज्या गल्लीत माह्या बाबाची इज्जत काढली, त्याच गल्लीत तुमच्या मायनं त्याइले हात जोडावे. मग येईन."
"बिमार बाईले असं सांगू?"
"मी बिमार होती तवा तुमी काय केलं?"
त्यानं चहा तसाच ठेवला. "विचारून पाह्यतो," म्हणाला आणि गाडीला किक मारली.
विचारेल की नाही कोण जाणे. तिनं हात जोडले तरी माझं पोट भरणार नाही, हे त्याला बोलली नाही.
मी 'नाही' म्हटल्यापासून नावं देईपर्यंत नऊ दिवस गेले. मंदाताई ते नऊ दिवस म्हातारीजवळच होती.
तो गेल्यावर तिला तीनदा फोन केला. रिंग जाते. उचलत नाही.