मातेच्या गालावरचं पाणी

प्रिय फिलू आत्या,

तू देवाघरी जाऊन महिना झाला, काल चर्चमध्ये तुझी महिन्याची मिस्सा झाली. प्रवचनात फादर तुझ्या संशोधनाबद्दल बोलले, समुद्राचं खारं पाणी गोड करण्यात तुझं आयुष्य गेलं म्हणाले. पोपसाहेबांकडून आलेल्या पदकाबद्दलही बोलले. पुतळ्याचा विषय मात्र कुणीच काढला नाही. घरी आले तरी तेच मनात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

आखाती युद्ध संपलं त्या उन्हाळ्यात मी वसईहून नुकतीच तुझ्याकडे इथे आखातात, सनाबिसला आले होते. एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मारिया मातेच्या गालावर पाणी दिसलं. माता रडतेय, ही बातमी दुपारपर्यंत सगळीकडे गेली. सलमाबादच्या कामगारांच्या कॅम्पांतून माणसं बस करून आली. लोक ते पाणी रुमालाने टिपून आजाऱ्यांच्या कपाळाला लावू लागले. तूही गुडघे टेकलेस. तेव्हा तुझ्या मनात काय होतं गं? ते विचारायचं राहूनच गेलं.

मग आपल्या शेजारच्या रोझीबाईंनी इन्सुलिन बंद केलं. "मातेचं पाणी लावते ना मी, आता सुई कशाला?" त्या म्हणाल्या. तू तशीच उठून फादरांकडे गेलीस आणि पाणी तपासायची परवानगी मागितलीस.

"काय निघेल असं वाटतं?" फादरांनी विचारलं.

"तपासल्याशिवाय कसं सांगू, फादर?"

तू बाटलीत थेंब जमवून लॅबमध्ये नेलेस. त्यात मीठ जवळपास नव्हतंच. मग चर्चमधला एसी बंद करायला लावलास. त्याचा गार झोत थेट पुतळ्यावर यायचा. दार उघडलं की बाहेरची दमट हवा त्या थंड गालांवर दवासारखी जमायची. एसी बंद झाला आणि तू पहिल्या बाकावर जपमाळ घेऊन रोजरी म्हणत बसलीस. आम्ही घामाने निथळलो, मातेचे गाल मात्र सुकले.

पुढच्या शुक्रवारी लोकांना हे तू स्वतः सांगितलंस. फादर सांगायला तयार होते, मग तूच का? "तपासलं मी, तर बोलणीही मीच खाईन," म्हणालीस. आणि खाल्लीसही. बाहेर पडताना रोझीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शिकून शिकून तुझा विश्वास आटला, फिलोमिना."

त्या दिवशी तू जेवली नाहीस. मी म्हटलं, "काही कळत नाही म्हणून मोकळी झाली असतीस तर?"

"देवाचं नाव घेऊन खोटं बोलू, पोरी? आणि रोझी मेली तर?"

दोनच दिवसांनी रोझीबाई बेशुद्ध पडल्या. सलमानियाच्या इस्पितळात तू त्यांच्या उशाशी बसलीस. शुद्धीवर आल्यावर त्यांनी तुला पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या वाचल्या, इन्सुलिन पुन्हा घेऊ लागल्या, पण तुझ्याशी बोलल्या नाहीत. तरी दर शुक्रवारी तू त्यांच्याच शेजारी जाऊन बसायचीस. एवढं कशाला करायचं, आत्या? मला राग यायचा. अजून थोडा येतो.

काही वर्षांनी बिशपांनी येऊन तुझ्या छातीवर पोपसाहेबांचं ते पदक लावलं. घरी आल्यावर मी विचारलं, "पुतळ्याचं खरं सांगितलंस, त्यासाठी का गं हे?" तू हसलीस. "त्याबद्दल कोण पदक देतं?"

काल मिस्सेनंतर रोझीबाई दारात थांबल्या होत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "इतकी वर्षं शेजारी बसली. मी एकदा तरी तिच्याकडे बघायला हवं होतं."  

आत्या, फादरांनी मला मुलांना धर्मशिक्षण देशील का, असं विचारलंय. मी हो म्हणणार आहे. मुलं काहीबाही विचारतील, तेही इंग्रजीतून. कुणालाही गप्प बस म्हणणार नाही, आणि मला येत नसेल तिथे येत नाही म्हणून सांगेन. हा माझा तुला शब्द.

तुझी भाची,
जेसी