खाजेचं मूळ कारण

४ जानेवारी, रविवार
मुकादमच्या खाजेचा तपास आजपासून माझ्या हातात. घरभर फिरून कोण काय करतंय ते बघतो आणि स्वतः काडीचं काम करत नाही, म्हणून कुत्र्याचं नाव मुकादम. दीड वर्ष खाजवतोय. बायकोने तेलं लावून पाहिली, मुलीने शाम्पू आणले. पद्धत कुणाकडेच नाही. मी पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली. गळका पंप माझ्या टेबलावरून कधी पुढे गेला नाही. इथे तर चार पाय आणि एक कातडं. पंधरा दिवस पुरेत.

६ जानेवारी, मंगळवार
डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. मुकादमच्या पोटाखालची कातडी काळी पडली आहे, हाताला टायरसारखी लागते. कानात जखमा. बाई म्हणाल्या, खाजेच्या गोळ्या आता फार दिवस देता येणार नाहीत, लिव्हर थकत चाललंय. त्यांना खाण्याचा संशय आहे. आठ आठवडे फक्त त्यांच्या पाकिटातलं कोरडं खाणं, दुसरा कणही पोटात जाता कामा नये. घरात त्याला वरचं कोण देतं, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा सांगितलं, आमच्याकडे शिस्त आहे. बायको खिडकीबाहेर बघत होती.

७ जानेवारी
बायकोने जेवताना शांतपणे सांगितलं, की येत्या सोमवारी पाकीट सुरू केलं की ९ मार्चला आठ आठवडे संपतील. तोपर्यंत फरक पडला नाही तर मुकादम तिच्या बहिणीकडे जाईल, कायमचा. मी हसलो. ती हसली नाही.

नंतर जेवण गेलं नाही. रिटायर झाल्यापासून माझं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणारा घरात तो एकटाच आहे.

१२ जानेवारी, सोमवार
पाकीट सुरू. खाजवण्याची नोंदवही केली: वेळ, पाय कुठला, किती सेकंद. संशयित वस्तूंना लाल लेबलं लावली, कारखान्यात लावायचो तशीच. सोफा, पायपुसणं, कुंड्या, बायकोची उशी. उशीवरून थोडं वाजलं.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ६.१०
सहा दिवसांत खाज बरीच कमी. पण नुसतं कमी होऊन भागत नाही. आमच्या खात्याचा नियमच होता: बिघाड परत आणून दाखवता आला, तरच कारण सापडलं म्हणायचं. तेव्हा दर रविवारी कंट्रोल टेस्ट. चीजचा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा. याला खायला घालणं म्हणत नाहीत, ही चाचणी आहे. घरच्यांना यातलं टेक्निकल काही कळायचं नाही, म्हणून सगळे उठायच्या आत उरकली.

मुकादमने सहकार्य केलं.

२० जानेवारी, मंगळवार
खाज वाढली. पहाटेपासून खर्र खर्र चालू आहे. सोमवारी काहीतरी घडतंय. सोमवारी घरात काय होतं? कपडे धुतले जातात. साबण!

२१ जानेवारी
साबण फेकला. बायको म्हणाली, तो काल उघडलेला नवा पुडा होता. तपासाला किंमत मोजावी लागते.

२७ जानेवारी, मंगळवार
साबण नाही, तरी खाज वाढलीच. आलेख काढला. दर मंगळवार-बुधवारी उंच, शनिवारपर्यंत खाली. इतका नियमित बिघाड आपोआप होत नसतो. यामागे माणूस आहे.

हे लिहिताना अंगावर काटा आला.

२९ जानेवारी
वरच्या मजल्यावरचे बासरीवाले सोमवारी संध्याकाळी क्लास घेतात. त्यांना विचारलं, जिन्यात मुकादमला काही देता का. ते म्हणाले, त्यांना कुत्र्यांची भीती वाटते आणि आता माझीही वाटायला लागली आहे. त्यांच्यावर काट मारली.

३ फेब्रुवारी, मंगळवार
कामाच्या मावशींची पिशवी तपासली. रीतसर, विचारून. आत छत्री आणि चष्मा. मावशींनी छत्री उचलली, चष्मा उचलला, बायकोला एवढंच म्हणाल्या की ताई, मी उद्यापासून येत नाही. दार लावल्याचा आवाजसुद्धा केला नाही. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

भांडी मी घासतो आहे. तात्पुरतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
कानातून रक्त. पायात मोजे घातले तर त्याने मोजे फाडले. डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी पोटात जातंय, नक्की. आणि असंच चाललं तर पुढच्या महिन्यात माझ्या हातात फारसं काही उरणार नाही. नंतर म्हणाल्या, जरा मिसेसना फोन द्या. बायको फोन घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावून पंचवीस मिनिटं बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

कुठेतरी पाणी मुरतंय.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.०५
चाचणी क्रमांक ५. आज तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा घेतला. त्याचं नाक चाचणीपूर्वी दहा मिनिटं माझ्या खिशाला चिकटलेलं असतं. बिचाऱ्याला विज्ञानाची आवड आहे.

१७ फेब्रुवारी
घर रिकामं दिसायला लागलंय. सोफा गच्चीत, पायपुसणी गेली, कुंड्या गेल्या, पडदे गेले. बोललं की आवाज घुमतो. पण हल्ली कुणी बोलत नाही. मी खोलीत शिरलो की बायको आणि मुलगी गप्प होतात. दोघी एकमेकींकडे बघतात, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. ऐकू येते ती फक्त खाज.

संशयाची सुई कुठे वळतेय ते लिहायला हात धजत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला. माझा फोन जुना, म्हणून ॲप मुलीच्या फोनवर. तिला बजावून सांगितलं, डोळ्यात तेल घालून बघ. संशयित कुणीही असो, अगदी जवळचं माणूस असलं तरी दयामाया नको. मुलीने विचारलं, नक्की ना बाबा? मी म्हटलं, नक्की.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.१०
चाचणी क्रमांक ६. कॅमेऱ्याचा दिवा छान लुकलुकत होता. आता गुन्हेगाराची खैर नाही.

२३ फेब्रुवारी
दोघी दिवसभर मुलीच्या फोनवर काहीतरी बघत होत्या. परत परत तेच. बायकोने जेवताना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? आवाज मऊ होता. मी म्हटलं, हो, सांगायचंय. माझा संशय तुझ्यावर आहे.

तिने ताट उचललं आणि आत निघून गेली. बायकांच्या नाकाला मिरच्या कधी झोंबतात? खरं बोललं की.

२५ फेब्रुवारी
बायकोने पुन्हा विचारलं. म्हणाली, एकदा तुमच्या तोंडाने सांगा, मी काही म्हणणार नाही. मी तिला आलेख दाखवला. ती आलेखाकडे बघतच नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती. मुकादम मध्ये बसून मान खाजवत होता, त्याचं रक्त आलेखावर उडालं.

१ मार्च, रविवार. सकाळी
६.१० ला चाचणी क्रमांक ७ साठी गेलो. स्वयंपाकघरात बायको, मुलगी आणि मेहुणी तिघी बसल्या होत्या. मेहुणीच्या पायाशी मुकादमचा पट्टा, वाटी आणि पाकीट.

मुलीने फोन पुढे केला. क्लिपमध्ये बनियनमधला एक माणूस फ्रिज उघडत होता. टक्कल, थोडा वाकलेला, चोरासारखा मागे बघणारा. मी म्हटलं, सापडला. पुढे म्हटलं, कोण आहे हा? मुकादम शेपूट हलवत क्लिपमधल्या माणसाच्या खिशाला नाक लावत होता.

मी कंट्रोल टेस्ट समजावून सांगितली. नियम सांगितला, एकतीस वर्षं सांगितली. बायको म्हणाली, अहो, पंपाला दुखत नाही.

ती मोठ्याने बोलली असती तर मी भांडलो असतो. मुकादमला मी स्वतः गाडीपर्यंत सोडलं.

९ मार्च, सोमवार
आठ आठवडे संपले. मेहुणीचा फोन: खाज निम्म्याने कमी. मी म्हटलं, हवापालट. मुलीने फोन काढून घेतला.

दुपारी मावशींच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं, माफी दिली नाही.

१६ मार्च
सोफा खाली आणला. त्याच्यावर एकटाच बसतो. वाक्यं अर्धीच राहतात.

आज स्वतःशी कबूल केलं. मूळ कारण मी. दुसऱ्या कुणाच्या कानावर घालणार नाही, पण वहीत खोटं कशाला. पहाटेच्या अंधारात त्याच्या जिभेचा हाताला लागणारा ओलेपणा मला हवा होता. नियम मी नंतर शोधला.

निश्चय: यापुढे एक कण नाही.

२२ मार्च, रविवार. दुपार
मेहुणीने भेटायला बोलावलं. दारातच हात धुवायला लावले. मुकादमच्या पोटावर बारीक केस आलेत, कान कोरडे. मला बघून दोन फेऱ्या मारल्या. अर्धा तास झाला, एकदाही खाजवलं नाही त्याने. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पंख्याकडे बघत राहिलो.

मग मनात आलं, की इतकं चांगलं अंग पुन्हा मिळायचं नाही. बिघाड परत आणून दाखवायला हीच वेळ. अगदी कणभर, शेवटचं. चीज आणलेलं नव्हतंच, पण शर्टाच्या खिशात कधीचा बिस्किटांचा भुगा असतोच. मेहुणी पाणी आणायला आत गेली. माझा हात आपसूक खिशाकडे गेला.

बोटं आत जाईनात. खिसा शिवलेला होता, बारीक, घट्ट टाके. पँटचे दोन्ही खिसेसुद्धा. बायकोने कधी शिवले कुणास ठाऊक.

मुकादम शिवलेल्या खिशाला नाक लावून बराच वेळ उभा राहिला. मग मेहुणीच्या चपलांवर जाऊन झोपला.